अत्तराची पेटी आणि मुलांचे हात

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. ज्या व्यासपीठावरून दहावीचे निकाल, शिष्यवृत्त्या आणि स्पर्धा परीक्षा यांविषयी बोलले जाते, तेथून मी टाकाऊ पुठ्ठ्याची अत्तरपेटी कशी करावी हे सांगणार आहे. परंतु मुलांच्या शिक्षणात हाताला कोणती जागा द्यायची, हा प्रश्न मला निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि तो या लहानशा पेटीच्या आधारे सांगणे सोपे आहे.

अत्तर आपल्या घरांना नवे नाही. जुम्म्याच्या नमाजाला निघताना, ईदच्या सकाळी, निकाहच्या दिवशी अत्तराचा फाया हातोहात फिरतो. हजरत पैगंबरांना (स.) सुगंध प्रिय होता, हे आपल्या घरातले लहान मूलही जाणते. पण या कुप्या आपण ठेवतो कोठे? कोणी खिडकीच्या फळीवर, कोणी आरशापुढे, कोणी स्वयंपाकघराच्या कपाटात. ऊन, उष्णता आणि हवा ही तिन्ही अत्तराची शत्रू आहेत. उजेडाने त्याचा रंग व वास बदलतो, उष्णतेने ते लवकर उडते आणि बूच सैल राहिले तर हवेशी संयोग होऊन ते बिघडते. म्हणून अत्तराला अंधारी, थंड, झाकणाची जागा हवी. पेटी शोभेसाठी असतेच, पण तिला तिचे कामही आहे. मुलाच्या हाती एखादी वस्तू करायला देताना ती कशासाठी, हे त्याला आधी सांगावे. मग त्याचे हात अधिक मन लावून चालतात.

अत्तराची गोष्ट सांगताना उत्तर प्रदेशातील कनौजचा उल्लेख करावाच लागतो. तेथे तांब्याच्या मोठ्या भांड्यात, ज्याला देग म्हणतात, फुले आणि पाणी घालून खालून जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यात उतरते. भपक्यात पूर्वापार चंदनाचे तेल असते. ते फुलाचा गंध धरून ठेवते. पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास भाजलेल्या मातीपासून काढून त्याचेही अत्तर तेथे करतात. तयार अत्तर चामड्याच्या कुप्यांत ठेवण्याची रीत आहे, कारण त्यातला पाण्याचा अंश चामड्यातून हळूहळू निघून जातो. जाळ किती ठेवायचा, भपका केव्हा काढायचा, हे तेथील कारागीर हाताच्या स्पर्शाने आणि नाकाने ओळखतात. या ज्ञानाला अडाणी माणसाचे काम म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो. यासाठी बाजारातून काही आणायचे नाही, ही पहिली अट. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रे, शिंप्याकडचे कापडाचे व लेसचे तुकडे, जुन्या लग्नपत्रिका, चॉकलेटवरचा चमकीचा कागद आणि अत्तराच्या रिकाम्या कुप्या एवढे पुरे. थर्माकोल घेऊ नये. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातलेली आहे. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ करावी. चार चमचे मैदा पेलाभर थंड पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवावा आणि त्यात चिमूटभर तुरटी टाकावी. चुलीजवळचे हे काम मोठ्यांनी करावे.

मुलांनो, आता पट्टी घ्या आणि प्रथम कुपी मोजा. समजा तिचा व्यास २ सेंटिमीटर आणि टोपणासकट उंची साडेतीन सेंटिमीटर आहे. सहा कुप्यांची पेटी करायची, तर प्रत्येक घर अडीच सेंटिमीटरचे धरा. तीन घरे लांबीत आणि दोन रुंदीत. म्हणजे पेटी साडेसात लांब, पाच रुंद आणि चार सेंटिमीटर उंच झाली. त्यासाठी साडेपंधरा गुणिले तेरा सेंटिमीटरचा पुठ्ठा कापा. चारही कोपऱ्यांतून चार सेंटिमीटरचे चौरस काढून टाका. घडीच्या रेघा शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून घ्या, म्हणजे पुठ्ठा सरळ मुडपतो. बाजू उभ्या करून कोपऱ्यांवर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवा.

आतील घरांसाठी पातळ पुठ्ठ्याच्या चार सेंटिमीटर उंचीच्या तीन पट्ट्या लागतील. एक साडेसात सेंटिमीटर लांब, दोन पाच सेंटिमीटर लांब. लांब पट्टीला अडीच आणि पाच सेंटिमीटरवर वरून दोन सेंटिमीटर खोल खाचा पाडा. आखूड पट्ट्यांना मधोमध, पण खालून, तेवढ्याच खोल खाचा पाडा. मग त्या एकमेकींत बसवा. खिळा नाही, डिंक नाही, तरी त्या पक्क्या उभ्या राहतात. झाकण पेटीपेक्षा लांबीरुंदीत चार मिलिमीटरने मोठे घ्या, कारण वर कागद चिकटवल्यावर जाडी वाढते. झाकणाची कड दीड सेंटिमीटर ठेवायची असेल, तर पुठ्ठा किती लागेल, हे मी सांगत नाही. ते तुम्ही काढा.

सजावटीसाठी एकाच मापाचे दोन चौरस कागद घ्या. एक सरळ चिकटवा आणि दुसरा त्यावर ४५ अंशांत फिरवून चिकटवा. आठ टोकांचा तारा तयार होतो. आपल्या मशिदींत, मकबऱ्यांत, जुन्या किताबांच्या पानांवर अशा आकृत्या शतकानुशतके काढल्या गेल्या. छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत बीबी का मकबऱ्याला सहल गेली, तर तेथील दगडी जाळ्यांसमोर थोडे थांबा आणि कोणता आकार किती वेळा आला आहे, ते मोजा. भूमितीचे पुस्तक तुम्हाला निराळे वाटू लागेल.

एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. आपल्या लग्नपत्रिकांवर बहुधा बिस्मिल्ला, एखादी आयत किंवा अल्लाहचे नाव छापलेले असते. कात्री लावण्यापूर्वी तो भाग ओळखून, अलग काढून अदबीने ठेवावा. तो सजावटीत चिकटवू नये आणि कचऱ्यातही जाऊ देऊ नये. यातून मुलाला पुठ्ठाकामाबरोबर अदबही शिकायला मिळते. उधळपट्टीला, म्हणजे इसराफला, आपल्या धर्माने नापसंत केले आहे. ही शिकवण तोंडी सांगून जेवढी पोहोचत नाही, तेवढी फेकून द्यायच्या खोक्यातून उपयोगाची वस्तू केल्यावर पोहोचते.

आता पालकांशी थोडे मोकळेपणाने बोलतो. पुष्कळ पालक म्हणतात, “सर, आम्ही आयुष्यभर हाताचे काम केले. मुलाने तेच करावे म्हणून त्याला शाळेत घातले का?” या प्रश्नामागचे दुःख मी जाणतो. जरीकाम, विणकाम, सुतारकाम करणाऱ्या हातांना आपल्या समाजात श्रमाच्या मानाने दाम मिळाला नाही आणि मानही मिळाला नाही. पण दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. कारखान्यात दिवसभर एकच टाका घालणारे मूल शिकत नाही, त्याचे बालपण मात्र संपते. त्याला तेथून काढून शाळेत आणलेच पाहिजे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळेत मात्र तेच मूल स्वतः मोजते, चुकते, पुन्हा कापते आणि का चुकले याचा विचार करते. हे काम त्याच्या बुद्धीला चालना देते.

हा विचार माझा नाही. १९३७ साली आपल्याच महाराष्ट्रातील वर्धा येथे गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली, आणि हस्तोद्योगाभोवती शिक्षण कसे गुंफावे हे ठरविण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. जामिया मिल्लियाची धुरा वाहणारा हा विद्वान पुढे १९६७ साली देशाचा राष्ट्रपती झाला. बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला मुलाच्या हातातील तकली कमी दर्जाची वाटली नाही. मग आपल्याला कात्री आणि पुठ्ठा का वाटावा?

दुसरी विनंती माता-भगिनींना. कृपा करून पेटी तुम्ही करून देऊ नका. प्रदर्शनात मांडलेल्या काही वस्तू इतक्या सफाईदार असतात की बक्षीस कोणाला द्यावे, मुलाला की आईला, असा प्रश्न पडतो. झाकण वाकडे बसले तर बसू द्या. पहिली पेटी वाकडी, दुसरी बरी आणि तिसरी दाखवण्याजोगी होते, पण तिन्ही त्याच्याच हातच्या असल्या पाहिजेत. आणि हे काम मुलींचे असे समजून मुलग्यांना उठवू नका. हजरत पैगंबर (स.) स्वतःची चप्पल स्वतः सांधत आणि कपड्याला ठिगळ स्वतः लावत, असे हदीसमध्ये आले आहे. ज्यांच्या वागण्याला आपण आदर्श मानतो, त्यांनी या कामात कमीपणा मानला नाही.

येत्या ईदला प्रत्येक घरातील मुलाने एक पेटी करावी आणि दादा-दादींना किंवा नाना-नानींना नजर करावी, अशी माझी नम्र सूचना आहे. घरात वडीलधारे नसतील, तर शेजारच्या एखाद्या एकट्या वृद्धाला द्यावी, मग तो कोणत्याही धर्माचा असो. पेटीत एकच कुपी असली आणि पाच घरे रिकामी राहिली, तरी हरकत नाही.