फुंकर



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू जुन्या काचा जमवतोस ना, त्यावर बोल. पंधरा मिनिटं. आणि रटाळ करू नकोस." पंधरा मिनिटांची हमी देतो, दुसऱ्या गोष्टीची नाही. येताना तीन वस्तू बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळून एसटीने मांडीवर घेऊन आलोय. मागच्या बाकांवरच्यांना त्या दिसणार नाहीत. पण मागच्या बाकांवर बसणाऱ्यांना शाळेतही फळा दिसत नव्हता, त्यामुळे त्यांची तक्रार नसावी.

ही पहिली, कंदिलाची काच. तिन्हीसांजेला ती राखेने पुसायचं काम घरातल्या लहान मुलाकडे असायचं, कारण त्याचाच हात आत जायचा. हात मोठा झाला की बढती मिळायची. ही काच उजेडात धरली की दोन गोष्टी दिसतात. आत एक लांबट बुडबुडा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. आणि अंगावर कुठे सांधा नाही. साच्यात फुंकलेल्या वस्तूवर साच्याच्या दोन फाकांची रेघ उमटते. ती उमटू नये म्हणून कारागीर साचा ओला ठेवतो आणि फुंकता फुंकता काच आतल्या आत फिरवत राहतो. रेघ नाही याचा अर्थ कुणीतरी ती फिरवली आहे.

ही दुसरी तुम्ही सगळे ओळखता. गोटीची सोड्याची बाटली. शाळेच्या फाटकाबाहेर गाडी असायची, अंगठ्याने गोटी दाबली की आवाज वर्गापर्यंत यायचा. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७२ साली ही युक्ती काढली. गोटी आधी आत टाकायची आणि मग तोंड अरुंद करायचं. तोंडात रबराची कडी असते. बाटली उलटी धरून भरायची, सुलटी केली की आतला वायूच गोटीला वर दाबून धरतो. मानेला जे दोन खळगे आहेत ते ओतताना गोटी अडकून राहावी म्हणून. एवढं डोकं त्या माणसाने चालवलं आणि जगभरच्या पोरांनी गोटीसाठी बाटल्या फोडल्या. आज जुनी धड बाटली मिळवायला वणवण करावी लागते, त्याचे गुन्हेगार या सभागृहात निदान दहा-बारा आहेत.

तिसरी ही औषधाची निळी बाटली. निळा रंग कोबाल्टचा. साध्या काचेत जी हिरवट झाक असते ती रेतीतल्या लोखंडाची. तिच्याबद्दल एवढंच पुरे.

आपल्याकडे काच नवी नाही. तेर, नेवासे, कोल्हापूरजवळचं ब्रह्मपुरी इथल्या उत्खननांत काचेचे मणी आणि बांगड्यांचे तुकडे निघाले आहेत. पण पोकळ नळीने काच फुंकायची विद्या साधारण दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर निघाली. आपल्या भागात तिचे कारखाने उभे राहिले त्याची गोष्ट मला फार आवडते. अंताजी दामोदर काळे नावाचा माणूस माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. काम शिकवायला होते ईश्वरदास वार्ष्णेय, जे जपानात आणि अमेरिकेत काचेची विद्या शिकून आले होते. तिथे शिकून तयार झालेली माणसं देशभर पांगली. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कारखाना काढला, तोच कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा. त्यांच्या कंदिलाचं नाव 'प्रभाकर'. त्याचा अर्थ सूर्य, आणि वडिलांचं नावही तेच.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. माझे वडील काच फुंकायचे. ओगलेवाडीला नव्हे, आपल्याच गावाबाहेरच्या छोट्या कारखान्यात, त्याचं नाव आता कुणाच्या लक्षातही नसेल. आठवीत विज्ञानाच्या सरांनी वडिलांचा व्यवसाय विचारला तेव्हा मी 'कारखान्यात सुपरवायझर' असं सांगितलं होतं. सर, तुम्हाला आठवत नसेल. पंधरवड्याने तुम्ही आख्खा वर्ग तोच कारखाना दाखवायला नेलात.

मी रांगेत सगळ्यात मागे होतो. भट्टीच्या तोंडाशी आमचे अण्णा उभे होते. अंगात भोकं पडलेला बनियन, डोक्यावर ओलं फडकं. त्यांनी लांब फुंकणी भट्टीत घातली आणि टोकावर मधासारखा पिवळाजर्द गोळा उचलला. फुंकणी एक क्षण थांबवायची नसते, थांबली की गोळा ओघळतो. लोखंडी पाटीवर तो लोळवला, थोडी फुंक दिली, पुन्हा लोळवला. मग साच्यात सोडला आणि फुंकत, फिरवत राहिले. साचा उघडला तेव्हा आत कंदिलाची काच होती, अजून लालसर. ती निववायच्या भट्टीत गेली. गरम काच एकदम थंड केली तर आत ताण राहतो आणि मग कधीतरी, दोन दिवसांनी, मध्यरात्री, कुणी हातही न लावता ती तडकते. फुटली असं मात्र अण्णा कधी म्हणत नसत. बायका बांगडीला म्हणतात तसं म्हणायचे, 'वाढली.'

पण त्या दिवशी वर्गाला दिसले ते त्यांचे गाल. वर्षानुवर्षं फुंकून सैल पडलेले आणि फुंकताना बेडकासारखे फुगणारे. त्यांनी मला रांगेत शोधलं आणि हसले. मी चपलेकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात शिरलो की चार-पाच जण गाल फुगवायचे. नाव पडलं 'फुंक्या'. गाल फुगवणारे समोरच बसले आहेत, दोघे तिसऱ्या रांगेत. माझा राग नाही. मी स्वतः जे केलं ते त्याहून वाईट होतं.

पाळी संपताना मडक्यात थोडी काच उरायची. तिच्यातून अण्णा चिमट्याने ओढून मासे करायचे. वीतभरही नाही, भरीव, हिरवट. शेपूट ओढायची, पाठीवर चिमटे काढून कल्ले काढायचे, डोळ्याच्या जागी एक टोचा. बाकी मालाबरोबर तेही निववायला ठेवायचे. गल्लीतल्या पोरांना वाटायचे, वाढदिवसाला द्यायचे, मास्तरांच्या टेबलावर कागद दाबायला द्यायचे. माझ्या अभ्यासाच्या पेटीवर एक होता. त्या आठवड्यात मी तो दप्तरातून शाळेत आणला आणि मधल्या सुट्टीत मागच्या विहिरीत टाकला. अण्णांनी पेटीवरची रिकामी जागा पाहिली. काही विचारलं नाही. दुसराही आणून ठेवला नाही.

आईला वाटायचं, आपल्याला काय कमी, उद्या आणखी करतील. मग वीज आली, प्लास्टिक आलं, कारखाना बंद पडला. अण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले. शेवटी शेवटी छाती एवढी भरायची की बशीतल्या चहावर फुंकर घालतानाही दमायचे. आम्ही चहा निववून द्यायचो.

नऊ वर्षांपूर्वी जर्मनीत असलेल्या लेकीने आम्हाला व्हेनिसला नेलं. जवळच मुरानो बेट आहे. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या सरकारने १२९१ साली सगळ्या काचभट्ट्या शहरातून तिकडे हलवल्या. तिथे तिकीट काढून आम्ही बाकावर बसलो. साठीचा एक माणूस आला, बनियनवरच. त्याने भट्टीतून गोळा उचलला, चिमट्याने चार ठिकाणी ओढला आणि मिनिटभरात घोडा उभा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथे अशा कारागिराला 'माएस्त्रो' म्हणतात. लेक म्हणाली, "बाबा, रडताय काय?" मी भट्टीच्या धगीचं कारण सांगितलं. पाचव्या रांगेपर्यंत धग येत नव्हती.

परत आल्यावर जमवायला लागलो. जुना बाजार, भंगारवाले, मोडलेले वाडे. आज माझ्याकडे तीनशेच्या वर काचा आहेत. तज्ज्ञ लोक येऊन बघतात, मीही दोन-चार शब्द तज्ज्ञासारखे बोलतो. या कंदिलाच्या काचेतला बुडबुडा दाखवताना मनात येतं, ही अण्णांचीच असेल का? ते कळायला मार्ग नाही. कंदिलाच्या काचेवर कारागिराची खूण नसते. माशावर असते. आणि माझ्या संग्रहात मासा नाही.

म्हणून संयोजकांनी फोन केला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. काचांबद्दल बोलायची हौस आहेच, पण खरं कारण हे. विहीर बुजवली, तिथे आता सायकल स्टँड आहे, ते मी सकाळीच पाहून आलो. पण अण्णांनी मासे दिले ते तुमच्या घरी. कुणाच्या शोकेसमध्ये, माळ्यावरच्या डब्यात, आईच्या देवघरात गणपतीशेजारी एखादा असेल. ओळखायचा असा: रंग सोड्याच्या बाटलीसारखा हिरवट. पोटात बहुतेक एक बुडबुडा. पोटाखाली जिथे तो नळीवरून तोडला तिथे खरखरीत डाग, बोट फिरवलं तर लागेल. आणि शेपूट डावीकडे वळलेली, कारण अण्णा डावखुरे होते. शेपूट उजवीकडे असेल तर तो दुसऱ्या कुणाचा.

मी विकत मागत नाही, ठेवूनही घेणार नाही. एकदा हातात धरू द्या, उजेडात बघू द्या, परत करतो. संयोजकांकडे माझा नंबर आहे. तिसऱ्या रांगेतल्या दोघांनी आधी आपापल्या घरी बघावं. त्यांच्याकडे तर नक्की होते, मला आठवतंय, दोघांच्याही मुंजीत अण्णांनी दिले होते.