घरच्या दुखण्याचा भार समितीपुढे मांडा



नीरा उजव्या कालव्याचे पाणी आपल्याकडे पाळीने मिळते. मग अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची सेवा एकट्या सुनेनेच का करावी? दर दोन तासांनी त्यांची कूस पालटायची, रात्री जागायचे, अन् सकाळी पुन्हा खुरपायला जायचे. अशाने सेवा करणारीच आजारी पडते.

अकलूजच्या आसपासच्या खेड्यांत ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समित्या आहेत. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून त्या आल्या. ही समिती फक्त गटारीसाठी नाही. तिला पुढील गोष्टी सांगा :

(१) आशाताईंनी अंथरुणावरच्या रुग्णांची यादी करावी. उपकेंद्राच्या नर्सबाईंनी घरी येऊन, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे ते घरच्यांना शिकवावे.

(२) दिव्यांग प्रमाणपत्र, संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे कागद जुळवायला मदत करावी. श्रावणबाळसाठी वय ६५ पुरे लागते. उत्पन्नाची अटही आहे. अर्ज माळशिरसच्या तहसील कचेरीत द्यावा.

(३) बचत गटाशी बोलून, आठवड्यातून एक दुपार कोणीतरी आळीपाळीने रुग्णाजवळ बसेल असे ठरवावे. तेवढाच सेवा करणारीला विसावा.

समितीने ऐकले नाही, तर ग्रामसभेत विषय काढा. ती वर्षातून किमान चार वेळा होते. म्हाताऱ्या माणसांच्या अडचणींसाठी १४५६७ हा मोफत फोनही आहे.

आणि पुरुष मंडळींनो, सभेत घरच्या बाईलाच बोलू द्या. रात्र तिने जागून काढलेली असते.