प्लॅस्टिकचं अंतराळयान

१९७७ साली 'स्टार वॉर्स' पडद्यावर आला आणि 'मिलेनियम फाल्कन' हे यान पाहणाऱ्यांना अगदी खरं वाटलं. त्याच्या अंगावरचे कितीतरी बारीक भाग बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या नि विमानांच्या प्लॅस्टिक किटमधले होते. कारागिरांनी ते निवडून यानाच्या प्रतिकृतीवर चिकटवले होते.

आज याच यानाचं १:७२ प्रमाणातलं किट घरी जोडता येतं. म्हणजे कथेतल्या यानाचे ७२ सेंटिमीटर इथे १ सेंटिमीटरमध्ये मावतात. किटचा भाग त्याला धरून असलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीतून कापताना थोडा देठ ठेवा आणि तो नंतर बारीक पॉलिश पेपरने घासा. थेट मुळाशी कापलं, तर प्लॅस्टिक पांढरं पडतं. रंगाआधी प्रायमरचा पातळ हात द्या. रंग पूर्ण वाळला की खाचांमध्ये पातळ केलेला काळपट रंग सोडा आणि वर पसरलेला पुसून घ्या. रेषा उठून दिसतात, यान वापरातलं वाटतं. हातभर प्लॅस्टिकला भव्यपणा येतो तो या बारकाव्यांमुळेच.

काम करताना खिडक्या उघड्या ठेवा, ब्लेड मोठ्यांच्याच हाती असू द्या. या सुट्टीत मुलांना सोबत घेऊन एखादं यान जरूर जोडा!