विज्ञानाचा धडा कोण ठरवतं?



बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 च्या पुस्तकात पहिलाच धडा आहे 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली. धड्याच्या नावात नुसती आनुवंशिकता उरली. देशभरच्या शास्त्रज्ञांनी निषेधाचं पत्रक काढलं. त्याच वर्षी सिल्लोडचा दहावीतला पोरगा बालभारतीच्या पुस्तकातून उत्क्रांती शिकत होता. 1967 पासून महाराष्ट्राने आपली पाठ्यपुस्तकं आपण काढली, म्हणून हे झालं. राज्याच्या धोरणाने विज्ञानाचं काय भलं होतं, असं कोणी विचारलं की मी हा धडा दाखवतो. राज्य सरकारच्या एप्रिल 2025 च्या निर्णयानुसार आता पुस्तकं बदलत आहेत. सहावीची पाळी 2026-27 ला, दहावीची 2028-29 ला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याशी जरूर जुळवून घ्या, पण गाळणी आपली असू द्या.

पुस्तकात आलं म्हणजे पोरांना कळलं, असं मात्र नाही. सिल्लोडहून अजिंठ्याचा घाट उतरलं की जळगाव जिल्हा. तिथे रावेर तालुक्यात खिरोदा आहे. 1974 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं आणि त्याच दशकात केंद्राची मंडळी खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांमध्ये येऊन काम करू लागली. केंद्राचे तेव्हाचे प्रमुख वि. गो. कुलकर्णी पदार्थविज्ञानाचे. गावातल्या मुलांना विज्ञान का जड जातं याचा शोध घेताना या मंडळींना दिसलं, की पुस्तकी मराठीच मोठी आडकाठी आहे. भाषा सोपी केली की तीच मुलं पुढे सरकतात. पन्नास वर्षं होत आली. आपल्या पुस्तकांतली वाक्यं अजूनही धाप लागेल इतकी लांब आहेत.

दुसरी गोष्ट परिसराची. 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात आली आणि बघता बघता आपल्या मक्यात शिरली. पानावर अंडीपुंज, पोंग्यात अळी, मातीत कोष, रात्री पतंग. अख्खं जीवनचक्र बांधावर उभ्याने दिसतं. कामगंध सापळा कसा काम करतो, हे तर नववीच्या मुलाने बापाला समजावून सांगावं असं विज्ञान! राज्यभर पुस्तक एकच असलं तरी असा पाठ घ्यायची मोकळीक शिक्षकाला लेखी मिळाली पाहिजे आणि त्याचे गुणही धरले पाहिजेत. दहावीला लेखी 80, प्रात्यक्षिकाचे 20. हे 20 कसे दिले जातात, ते या सभागृहात मी सांगायला नको.

आता 20 याच आकड्याची दुसरी कथा. 2024 च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात असं सुचवलं गेलं, की गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण पडले तरी मुलाला पुढे जाऊ द्यावं, मात्र पुढे हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा मारून. नापासाचा शिक्का पुसायचा हेतू चांगला आहे. तरी माझा विरोध आहे. जिथे प्रयोगशाळेला कुलूप आणि विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी, त्याच शाळेतल्या मुलांच्या गुणपत्रकावर हा शेरा जास्त दिसेल. चूक व्यवस्थेची आणि शेरा पोराच्या नावावर, हे धोरण नव्हे.

इथे बसलेल्या पालकांना एवढीच विनंती आहे. पुढच्या पालकसभेला गेलात की नववी-दहावीची प्रयोगवही मागून घ्या, आणि त्यातले प्रयोग खरंच हाताने केले का, ते मुलांना विचारा.