'लाँग' म्हणजे किती वेळ?

दोन इंग्रजी वाक्यं ऐका. 'आय हॅवन्ट बीन हिअर लाँग.' आणि 'आय हॅवन्ट बीन हिअर फॉर अ लाँग टाइम.' कानाला जवळपास सारखीच. पण पहिल्याचा अर्थ, मला इथं येऊन फार दिवस झालेले नाहीत. मी नवा आहे. दुसऱ्याचा अर्थ, बऱ्याच दिवसांत मी इकडं फिरकलोच नाही. नव्या नोकरीत साहेबांसमोर दुसरं वाक्य बोलून गेलात, तर ते बुचकळ्यात पडतील.

'लाँग' म्हटलं की आपल्याला रस्ता, दोरी, केस आठवतात. क्रियापदाला जोडून आलं, की तेच काळ मोजतं. मात्र प्रश्नात आणि नकारात ते मोकळेपणी येतं, साध्या होकारात बिचकतं. 'हॅव यू बीन वेटिंग लाँग?' असं कुणीही विचारील. उत्तरात 'येस, आय वेटेड लाँग' असं बोलताना सहसा म्हणत नाहीत. तिथं 'फॉर अ लाँग टाइम' हवं. आधी 'टू' किंवा 'सो' आलं, की होकारही चालतो: 'वी वेटेड टू लाँग.' आणि घरातून निघताना कुणी 'आय वोण्ट बी लाँग' म्हणालं, तर ते आपलं 'आलोच हं!'

विद्यार्थी विचारतात, याला शेवटी 'ली' का नाही? जुन्या इंग्रजीत विशेषण होतं 'लांग' आणि क्रियाविशेषण 'लांगे'. पुढं शेवटचा स्वर झिजला नि दोन्ही रूपं एक झाली. 'फास्ट' आणि 'हार्ड' यांचंही तेच. पोरांकडून अपवाद म्हणून नुसतं पाठ करून घेण्यापेक्षा हा इतिहास त्यांना सांगावा, असं मला मनापासून वाटतं.

स्कॉटलंडमध्ये हाच शब्द 'लँग' होतो. रॉबर्ट बर्न्सनं १७८८ साली लिहून पाठवलेल्या 'ऑल्ड लँग साइन' या गीतात तो आहे. 'लँग साइन' म्हणजे फार पूर्वी. आपल्या खडकवासल्याला एनडीएच्या दीक्षान्त संचलनात छात्र याच धूनवर संथ पावलं टाकत निरोप घेतात.

मराठीत आणताना मात्र 'लांब'च्या मागं जाऊ नका. आपल्याकडं 'केव्हाचा' आहे, आणि तो माणसाप्रमाणं बदलतो: तो केव्हाचा थांबलाय, ती केव्हाची थांबलीय. 'हॅव यू बीन वेटिंग लाँग?' हे फलाटावरच्या आजोबांना विचारायचं असेल, तर 'केव्हाचे थांबलाय आजोबा?' एवढं पुरे.