कुंडी भंडाऱ्याचं पाणी

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात उतरलात, तर सुमारे 80 फूट खाली एक अरुंद भुयार लागतं. भिंतींवर पांढरट क्षारांचे थर आणि पायाशी वाहतं नितळ पाणी. 1615 च्या सुमारास, मुघल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात ही पाणीयोजना झाली. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी शंभरहून अधिक विहिरीवजा कुंड्या जोडून केवळ उतारावर शहरात आणलं. ना मोट, ना पंप!

पण हे पाणी येतं ते वरच्या रानातून. तिथं केळीच्या बागांसाठी बोअरवेल वाढल्या की खालचे झरे आटणारच. केळीला पाणी हवंच, पण पिण्याच्या पाण्याचा हक्क आधीचा. 1882 च्या सुखाधिकार कायद्यानं जमिनीखालचं पाणी जमीनमालकाच्या हाती दिलं. त्याला मध्य प्रदेशाच्या 1986 च्या पेयजल परिरक्षण कायद्यानं लगाम घातला: जिल्हाधिकारी टंचाईग्रस्त क्षेत्र जाहीर करतात, मग परवानगीशिवाय बोअर घेता येत नाही. शेजारच्या महाराष्ट्राच्या 1993 च्या कायद्यानं तर पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीविना नवी विहीर खणायला मनाई केली होती.

तेव्हा मंडळी, बोअरची गाडी बोलावण्यापूर्वी आपल्या भागात बंदी आहे का, याची चौकशी तहसील कचेरीत जरूर करा.