मोडीचे मोल

तांब्याचे जुने भांडे मोडीत घालून नवे घेण्याची रीत आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. वितळलेल्या तांब्याचे पुन्हा भांडेच घडते. धातूच्या गुणांत उणेपणा येत नाही. आजच्या पुरवठा साखळीच्या परिभाषेत हे ‘बंद चक्र’. याउलट, पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकपासून बहुधा पॉलिएस्टरचा धागा काढला जातो. त्याचे कापड विटले की ते सहसा कचऱ्यात जाते आणि नव्या बाटलीसाठी पुन्हा खनिज तेल खर्ची पडते. हे ‘खुले चक्र’. ते निरर्थक नव्हे. परंतु त्याने कचरा टळत नाही, केवळ लांबणीवर पडतो.

चक्र बंद व्हावयाचे तर माल जसा दुकानापर्यंत जातो, तसाच तो कारखान्यापर्यंत परतला पाहिजे, आणि तोही निर्भेळ. मोटारीच्या बॅटरीतील शिसे असे परतते. कारण जुनी बॅटरी दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते. २०२२ च्या नियमांनी कठीण प्लास्टिक वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्चक्रित प्लास्टिकचे लक्ष्य घालून दिले. परंतु नियम उद्योगांना बांधतो. ओल्या-सुक्या कचऱ्याची सरमिसळ थांबविणे गृहिणी-गृहस्थांच्याच हाती आहे. तेल आणि तांबे परदेशांतून आणणाऱ्या राष्ट्राने मोडीचे मोल ओळखावे, हेही स्वदेशीचेच व्रत होय.